हलक्या गाडीचा लांब रस्ता

रविवारची पहाट, पाच वाजायला थोडा अवकाश आहे. देवनहळ्ळीत बळ्ळारी रस्त्याच्या कडेला तुम्ही उभे आहात, हातात टपरीवरची वाफाळती काफी. बेंगळुरूहून निघालेल्या बहुतेक गाड्या अलीकडेच विमानतळाच्या फाट्याला वळल्या. ज्या वळल्या नाहीत, त्या नंदीच्या डोंगराला निघाल्या आहेत. सूर्योदयाला वर पोचायचं, ढग बघायचे, फोटो काढायचे आणि नाश्त्याला घरी परत यायचं, हा इथल्या तरुण पोरांचा ठरलेला कार्यक्रम.

उंच, रुंद, काळ्या काचांच्या गाड्या जाऊ द्या. मागून एक जुनी स्विफ्ट येते आहे, पहिल्या पिढीतली. बंपरवर ओरखडे, मागच्या काचेवर अर्धवट निघालेला स्टिकर. वळणाआधी चालवणारा एक गिअर उतरवतो, इंजिनाचा सूर चढतो, गाडी जराही न डगमगता वळण घेते आणि दिसेनाशी होते. त्याला कुठेही वेळेवर पोचायचं नाही. त्याला गाडी चालवायची आहे, इतकंच.

आपल्याकडे ही गोष्ट तशी अलीकडची. गाडी म्हणजे घरच्या सहा जणांना लग्नाला नेण्याची सोय, गाडी म्हणजे दारात उभी असलेली प्रतिष्ठा. ती चालवण्यात मजा असते ही कल्पना राजेरजवाड्यांपलीकडे फारशी गेली नव्हती. ती मध्यमवर्गाच्या हाती कशी आली, हे बघायला तुम्हाला मागे जायचं आहे. काफी संपवा.

साल 1984. रस्ता तोच, पण दुपदरी. विमानतळाचा पत्ता नाही; त्या जागी माळ, शेतं आणि द्राक्षांचे मळे आहेत. रस्त्याकडेला पपनसांचे ढीग लावून माणसं बसली आहेत. देवनहळ्ळीचं पपनस इथलं भूषण. गावात टिपू सुलतानाचं जन्मस्थान दाखवणारी दगडी चौकट आहे, 1791 मध्ये कॉर्नवॉलिसच्या फौजेने घेतलेला किल्ला आहे. मराठी माणसाला हा सगळा मुलूख तसा परका नाही. 1638 पासून बेंगळुरूची जहागीर शहाजीराजांकडे होती, हे इथे आल्यावर आपण एकमेकांना सांगतोच.

तुमच्यासमोरून एक अ‍ॅम्बेसेडर जाते. मग बराच वेळ काही नाही. मग एक फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली. तो कारखाना काढणारी कंपनी 1944 मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभी केली. त्याआधी, डिसेंबर 1940 मध्ये, याच गृहस्थांनी बेंगळुरूत हिंदुस्तान एअरक्राफ्टचा पाया घातला होता. मे 2008 मध्ये देवनहळ्ळीचं विमानतळ सुरू होईपर्यंत सारं शहर त्या कारखान्याच्या धावपट्टीवरूनच प्रवासाला निघत असे. वालचंदांची दृष्टी मोठी होती यात वाद नाही. पण त्यांच्या पश्चात लायसन्सराजने त्या गाडीचं जे केलं ते तुम्ही या रस्त्यावर बघता आहात: मूळ इटालियन नमुना पन्नास-साठच्या दशकातला, गिअरचा दांडा स्टीअरिंगच्या खाली, आणि नंबर लावला की वर्षानुवर्षं वाट बघायची. वाट बघणारा माणूस गाडीत मजा आहे का असं विचारत नाही. मिळाली यातच तो खूश असतो.

आता कान द्या. उत्तरेकडून एक वेगळाच आवाज येतो आहे, शिलाई मशीन जोरात चालवल्यासारखा. लहानशी पांढरी गाडी, चाकं जेमतेम बारा इंची. टपरीवरची सगळी माणसं उठून उभी राहतात. चालवणारा काफीसाठी थांबतो आणि तुम्हाला म्हणतो, "बसून बघता का?"

बसा. दार पत्र्याचा डबा मिटावा तसं लागतं. किल्ली फिरवली की इंजिन पहिल्या फटक्यात सुरू होतं. अ‍ॅम्बेसेडरवाल्याला हे खोटं वाटेल. क्लच हलका. गिअरचा दांडा खाली, मजल्यावर, आणि मनगटाच्या एका हालचालीत पडतो. तीन सिलिंडर, 796 सीसी, ताकद चाळीस घोड्यांच्याही आत. पण गाडीचं सारं वजन साडेसहाशे किलोंच्या आसपास आहे आणि इंजिन पुढची चाकं फिरवतं. तुम्ही स्टीअरिंग वळवता आणि गाडी वळते. ऐकायला हे काहीच नाही. अ‍ॅम्बेसेडरमध्ये तुम्ही आधी वळवायचात, मग गाडी विचार करायची, मग वळायची. किलोमीटरभर जाऊन तुम्ही परत येता. हसताय तुम्ही, हे तुमच्या लक्षातही आलेलं नाही.

हे हसू कुठून आलं ते शोधायला आणखी मागे जाऊ या, आणि पुष्कळ पूर्वेला.

1909. जपानच्या शिझुओका प्रांतातलं हामामात्सु. तुम्ही एका खोपटाच्या दारात उभे आहात. आत शिरल्याबरोबर वास ओळखीचा वाटेल; देवनहळ्ळी तालुक्यातल्या विजयपुऱ्यात किंवा पलीकडे शिडलघट्ट्यात कोषांच्या बाजारात जाऊन आलेल्याला तर नक्कीच. तुतीच्या पाल्याचा, रेशमाच्या किड्यांचा तो वास. हे रेशीमकिडे वाढवायचं खोपट आहे आणि आता त्यात बावीस वर्षांचा एक सुतार हातमाग बनवतो आहे. नाव मिचिओ सुझुकी. पहिला माग त्याने आपल्या आईसाठी केला. तो इतका चांगला निघाला की शेजारपाजारच्या बायकाही मागू लागल्या.

बेंगळुरूचं आणि जपानचं नातं जुळलं तेही आधी रेशमातूनच. एकोणिसावं शतक संपता संपता जमशेटजी टाटांनी बेंगळुरूत रेशीमशेती सुरू केली, तेव्हा जपानी जाणकार बोलावून आणले होते. मोटारी फार नंतर आल्या.

मिचिओ काय करतो आहे ते नीट बघा. एकाहून अधिक धोटे वरखाली करणारी पेटी तो मागाला बसवतो आहे, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचं कापड सलग विणता येईल. पुढे या प्रकारच्या मागांवर विणलेल्या चौकटीच्या लुंग्यांनी आग्नेय आशियातले बाजार भरले. मागवाल्याची एक विशिष्ट नजर असते: लाकूड किती कमी लागेल, दांडी किती बारीक चालेल, पाय मारणाऱ्या बाईचे श्रम किती वाचतील. जड माग कुणीही बनवतो. हलका आणि तरी न मोडणारा माग बनवायला अक्कल लागते. मला विचाराल तर या कंपनीचं पुढचं सारं चरित्र या खोपटात आहे.

अधिक गंमत अशी की याच पंचक्रोशीत साकिची टोयोडा जन्मला, तोही मागवाला. त्याच्या कारखान्यातून पुढे टोयोटा निघाली. सोइचिरो होंडाही हामामात्सुच्या जवळचाच. एकाच जिल्ह्याच्या मातीत इतके कसे उगवले हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

पुढच्याच वर्षी, 1910 मध्ये, एक पाऊल आपल्याकडे टाका. औंध संस्थानातला निवडुंग माजलेला माळ, जवळ कुंडल रोड स्टेशन. बेळगावात सायकली विकून सुरुवात केलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर इथे लोखंडी नांगराचा कारखाना थाटत आहेत. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जागा दिली आहे. हामामात्सुचा सुतार आणि बेळगावचा हा यंत्रवेडा एकमेकांना ओळखत नाहीत. त्यांचे धागे एकत्र यायला शंभराहून जास्त वर्षं लागणार आहेत, त्यामुळे किर्लोस्करवाडीत फार रेंगाळू नका.

1937 ते 1939: सुझुकीच्या कारखान्यात एक ब्रिटिश ऑस्टिन सेव्हन सुटी करून मांडली आहे. तिचा प्रत्येक भाग मोजून कारागीर आपली छोटी गाडी घडवत आहेत. नमुने तयार होतात आणि युद्ध येतं. कापडासाठी माग नकोत, तोफगोळे हवेत. डिसेंबर 1944 मध्ये भूकंप, मग बॉम्ब. युद्धानंतर पुन्हा माग, मग कापडाचा बाजार बसतो, संप होतो. इथे थांबण्यासारखं काही नाही. वाईट दिवस सगळीकडे सारखेच असतात.

1952 मध्ये मात्र थांबा. मिचिओचा जावई शुन्झो मासे धरून सायकलवर परत येतो आहे. समोरून झोंबरा वारा. पॅडल मारता मारता त्याच्या मनात येतं, या सायकलला इंजिन असतं तर? त्यातून 36 सीसीची 'पॉवर फ्री' निघते: सायकलला जोडलेलं इवलंसं इंजिन. हवं तर पॅडल मारा, हवं तर इंजिनावर जा, हवं तर दोन्ही. पुढच्याच वर्षी तिची मोठी बहीण 'डायमंड फ्री' फुजी पर्वताच्या चढाईच्या शर्यतीत जिंकते. सर्वांत लहान यंत्र घेऊन सर्वांत उंच डोंगर चढायचा, ही खोड तेव्हापासूनची.

सुझुकी घराण्यात जावयांचं काय आहे तेही इथेच सांगून टाकतो. मिचिओनंतर कंपनीचे ओळीने तीन अध्यक्ष झाले आणि तिघेही दत्तक घेतलेले जावई. आपल्याकडे घरजावई म्हटलं की लोक गालात हसतात. हामामात्सुत त्यांनी जगातल्या मोठ्या मोटार कंपन्यांपैकी एक उभी केली.

1954, शरद ऋतू. आता तुमची खरी सफर. हामामात्सुहून टोकियोकडे, हाकोनेचा घाट ओलांडून. रस्ता बहुतेक कच्चा, दगडगोट्यांचा. तुम्ही एका प्रायोगिक गाडीत कोंबून बसला आहात. गाडी घडवताना यांनी फोक्सवॅगन, सित्रोएन, रेनो आणि जर्मन लॉइड अशा छोट्या परदेशी गाड्या आणून अभ्यासल्या, आणि पुढची चाकं ओढणारी लॉइडची पद्धत उचलली. जपानात तेव्हा असं कुणी फारसं करत नव्हतं. इंजिन दोन सिलिंडरांचं, 360 सीसीचं. घाटात गाडी तापते, थांबते, उतरून पाना फिरवावा लागतो, पुन्हा निघते. टोकियोत यानासे नावाचा परदेशी गाड्यांचा बडा विक्रेता तिची परीक्षा घेणार आहे. तुम्ही पोचता तेव्हा रात्र बरीच झालेली असते, आणि तो गृहस्थ अजून वाट बघत बसलेला असतो! तो गाडी चालवतो आणि पसंतीची मान हलवतो. 1955 च्या ऑक्टोबरात ती 'सुझुलाइट' नावाने बाजारात येते. सुरुवातीला महिन्याला तीन-चार गाड्या बनत. आपल्या एखाद्या गॅरेजात याहून जास्त गाड्या रंगवतात.

साठच्या दशकातून झपाट्याने पुढे चला. फक्त 1962 मध्ये मॅन बेटावर क्षणभर उतरा. 50 सीसीच्या शर्यतीत सुझुकीवर एर्न्स्ट डेग्नर पहिला येतो आहे. हा मागच्याच वर्षी पूर्व जर्मनीतून पळून आला, आणि येताना तिथल्या टू-स्ट्रोक इंजिनाची विद्या डोक्यात घेऊन आला. हेरकथा वाटावी अशी ही हकिकत खरी आहे.

1970 ला छोटी जिम्नी येते: फोर व्हील ड्राइव्ह, इंजिन तेच 360 सीसी. ती लक्षात ठेवा. आपल्याकडे 1985 मध्ये तिची थोरली आवृत्ती 'जिप्सी' होऊन येणार आहे, लष्करात जाणार आहे, आणि बेंगळुरूच्या के-1000 सारख्या रॅलींमध्ये धुरळा उडवणार आहे.

मग धुराचे कायदे कडक होतात आणि टू-स्ट्रोकवर जगणारी सुझुकी अडचणीत येते. त्या दिवसांत मदतीला धावते टोयोटा. तिच्या मध्यस्थीने दाइहात्सुची इंजिनं मिळतात आणि 1977 मध्ये सुझुकीच्या गाडीत प्रतिस्पर्ध्याचं इंजिन धडधडतं. गाववाल्यांची ही आठवण ओसामु सुझुकी विसरत नाही. 1930 साली मात्सुदा घराण्यात जन्मलेला, आधी बँकेत नोकरी केलेला हा चौथा अध्यक्ष 1978 मध्ये गादीवर येतो. पुढच्या वर्षी तो 'आल्टो' काढतो, किंमत 4 लाख 70 हजार येन. ही किंमत कशी साधली? गाडी कागदोपत्री मालवाहू ठरवली, म्हणजे प्रवासी गाडीवरचा कर टळला. मागचं आसन नावापुरतं. जे जे काढता येईल ते काढलं. ओसामुचा हिशेब असा: कमी, लहान, हलकं, आखूड, आणि तरी देखणं. कारखान्यातही तोच खाक्या. उजेड आणि गुरुत्वाकर्षण फुकट मिळतं, तर सुटे भाग उतारावरून घसरवा, मोटर कशाला हवी?

अशा माणसाला कंजूष म्हणतात. म्हणा. पण 1987 मध्ये याच आल्टोला टर्बो बसवून 'आल्टो वर्क्स' निघाली आणि अर्ध्या लिटरच्या इंजिनातून तिने 64 घोडे काढले. शेवटी जपानी कंपन्यांनी आपसांत ठरवलं की छोट्या गाडीत यापुढे जायचं नाही. वाचवलेला प्रत्येक किलो चालवणाऱ्याच्या मनगटात परत येतो, हे ज्याला कळलं तो कंजूष नव्हे. माझदाची 'मियाता' या गमतीचं नाव जगभर मिरवते आणि ते रास्तच आहे. पण आपल्या रस्त्यांवर माझदा आली ती स्वराज माझदाच्या ट्रकांवर. मजेची शिकवणी आपण सुझुकीकडेच लावली.

1982, टोकियो. भारत सरकारचं शिष्टमंडळ जपानी कंपन्यांचे उंबरे झिजवत आहे. पदरी गुडगावातला, संजय गांधींच्या फसलेल्या स्वप्नातून उरलेला कारखाना आणि 1981 मध्ये स्थापलेली मारुती उद्योग. बड्या कंपन्यांत त्यांची भेट दुय्यम अधिकाऱ्यांशी होते. ओसामु मात्र स्वतः तासन् तास बसतो, प्रश्न विचारतो, फळ्यावर आकडे मांडतो. 2 ऑक्टोबरला करार होतो, सुझुकीचा वाटा 26 टक्के. भारतातली मोटारींची वार्षिक विक्री तेव्हा जेमतेम 40 हजारांच्या आसपास. जपानी वर्तमानपत्रांना हा जुगार वाटला असल्यास त्यांना दोष देता येणार नाही.

14 डिसेंबर 1983 ला गुडगावात गर्दीत घुसा. दहा-दहा हजार भरून लाखाहून जास्त लोकांनी नंबर लावले होते. चिठ्ठीत नाव निघालेल्या हरपाल सिंगांच्या हाती इंदिरा गांधी, टपरीसमोर तुम्ही बसलात तशाच, पहिल्या छोट्या मारुतीच्या किल्ल्या देत आहेत. गाडीचा क्रमांक डीआयए 6479. किंमत पन्नास हजारांच्या आत-बाहेर. कारखान्यात व्यवस्थापनातल्या व्ही. कृष्णमूर्ती आणि आर. सी. भार्गव यांच्यापासून कामगारापर्यंत सर्वांचा गणवेश एक, उपाहारगृह एक, सकाळची कवायत एक. साहेबाने आपलं ताट घेऊन रांगेत उभं राहणं हे त्या गाडीपेक्षाही नवलाचं होतं.

हे चित्र गोड आहे, म्हणून 18 जुलै 2012 ला मारुतीच्या मानेसरच्या कारखान्यातही डोकावून या. आग लागलेली आहे. मनुष्यबळ विभागाचा एक अधिकारी जिवाला मुकला आहे. 148 कामगार तुरुंगात जातील आणि पाच वर्षांनी त्यांतले 117 निर्दोष सुटतील. कंत्राटी कामगाराला गणवेश तोच होता, पगार तो नव्हता. एका रांगेत जेवल्याने सगळं जुळतंच असं नाही.

चला, परत दक्षिणेला. 1993 मध्ये मारुतीची झेन आली. सगळं अ‍ॅल्युमिनियमचं 993 सीसी इंजिन, 50 घोडे, पाच गिअर, वजन साडेसातशे किलोंच्या आसपास. तुम्ही ती नंदीच्या पायथ्याशी, डोंगर 1478 मीटरला भिडायला निघतो तिथे हाती घ्या. वळणामागून वळण येतं. दुसरा गिअर, तिसरा, पुन्हा दुसरा. तुम्ही जमिनीच्या इतके जवळ बसला आहात की ताशी पन्नासचा वेगही ऐंशीचा वाटतो. मजा वेगात नसते, वेगाच्या जाणिवेत असते, आणि ती जाणीव देणारी गाडी अंगाने लहान असावी लागते. बेंगळुरूतली कितीतरी पोरं या गाडीवर चालवायला शिकली आणि बरीचशी बिघडली. काहींनी सायलेन्सर कापले, काहींनी शर्यतीचे परवाने काढले.

मे 2005. स्विफ्ट. चार लाखांच्या आत सुरू होणारी किंमत, 1.3 लिटरचं इंजिन, 87 घोडे. सुझुकीने ही गाडी जपानइतकीच युरोपच्या रस्त्यांवर फिरवून घडवली होती. चार चाकं चार कोपऱ्यांत, छप्पर तरंगल्यासारखं. आतापर्यंत छोटी गाडी घेणारा मोठी परवडत नाही म्हणून घेत असे. स्विफ्ट घेणाऱ्याला हीच हवी होती. तीन वर्षांनी इथे विमानतळ झालं, रस्ता रुंदावला, आणि रविवारच्या पहाटे देवनहळ्ळीवरून जाणाऱ्या त्या रांगेला जन्म मिळाला. 2018 ची स्विफ्ट तर पहिलीपेक्षा शेकडाभर किलोंनी हलकी निघाली. गाड्या पिढ्यांगणिक फुगत जातात. उलट्या दिशेने गेलेली गाडी विरळाच.

पण याच रुंद रस्त्यावर हलकेपणाची दुसरी बाजूही दिसते. 2014 मध्ये गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या 'ग्लोबल एनकॅप'ने एअरबॅग नसलेली स्विफ्ट आणि आल्टो 800 आदळून बघितल्या. दोघींना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे. 2022 च्या चाचणीतही स्विफ्टच्या वाट्याला एकच तारा आला. ताशी शंभराने जाणाऱ्या ट्रकांच्या या हमरस्त्यावर उभं राहून तो आकडा वाचा, म्हणजे मघाच्या हसण्याचं काय करावं ते कळणार नाही. पत्रा कुठे वाचवायचा आणि कुठे वाचवायचा नाही हे आईसाठी माग करणाऱ्या मिचिओला कळत होतं. शंभर वर्षांनी त्याच्या वारसांना ते आपल्या ग्राहकांच्या बाबतीत उशिरा सुचलं. नोव्हेंबर 2024 मध्ये स्विफ्टच्या सांगाड्यावरच्या डिझायरला पाच तारे मिळाले. म्हणजे करता येत होतं.

आता शेवटचा मुक्काम. देवनहळ्ळीच्या नेमकी उलट दिशा, शहर ओलांडून म्हैसूर रस्त्यावर बिडदी. आधी 1995: लक्ष्मणरावांचे पणतू विक्रम किर्लोस्कर बेंगळुरूत टोयोडाबरोबर कारखाना काढतात, सूतकताईच्या यंत्रांचा! मोटारीचा करार 1997 मध्ये होतो, डिसेंबर 1999 मध्ये बिडदीतून पहिली क्वालिस निघते. विमानतळावर माणसं नेऊन सोडणाऱ्या, तीन-तीन लाख किलोमीटर हूं की चूं न करता पळणाऱ्या गाड्या या घराण्याच्या. चालवायला रटाळ, पण त्यांच्याकडून कुणी गमतीची अपेक्षाही केली नव्हती.

2016 मध्ये ओसामु पुन्हा टोयोटाच्या दारी जातो. या वेळी कारण विजेवर आणि हायब्रिडवर चालणाऱ्या गाड्यांचं. एकट्याने तो खर्च झेपणार नाही हे म्हातारा ओळखून आहे. हामामात्सुच्या मागवाल्यांची दोन घरं जवळ येतात. 2019 मध्ये सुझुकीची बलेनो टोयोटाचं नाव लावून 'ग्लांझा' म्हणून विकायला येते. आणि ऑगस्ट 2022 मध्ये तुम्ही बिडदीच्या जुळणी-रांगेजवळ उभे आहात: किर्लोस्करांच्या भागीदारीतल्या कारखान्यात, टोयोटाच्या माणसांच्या हातून, सुझुकीचं बोधचिन्ह लावलेली ग्रँड विटारा पुढे सरकते आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या 29 तारखेला विक्रम किर्लोस्कर गेले. 25 डिसेंबर 2024 ला ओसामु गेला, चौऱ्याण्णवाव्या वर्षी; महिन्याभराने भारत सरकारने त्याला मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर केलं.

ग्रँड विटारा चालवून बघा, नाही म्हणू नका. आत बसल्यावर उंच वाटतं, सिग्नलला आवाज येत नाही, मायलेज चोख आहे. पण 1984 मध्ये टपरीसमोर ज्या गाडीत तुम्ही किलोमीटरभर गेला होतात, तिच्या जवळजवळ दुप्पट वजन तुमच्याखाली आहे आणि पहिल्याच वळणाला ते कळतं. लोकांना आता हीच हवी आहे. शोरूमवाल्याकडे चौकशी करा, तो छोट्या गाडीचं माहितीपत्रक शोधायला आतल्या खोलीत जाईल.